कमळाच्या देठांतील पोकळी

तळ्यांतून तोडून आणलेल्या कमळाचा देठ मधोमध मोडून त्याचे दोन तुकडे हळूहळू दूर नेले, म्हणजे त्यांच्या मध्यें पांढरे, चिवट आणि अतिशय बारीक असे तंतू ताणले जातात, हें आपल्याकडील लहान मुलांसही ठाऊक असतें. संस्कृत कवींनीं ह्या बिसतंतूंचें कौतुक पुष्कळ केलें आहे. राजहंसाच्या चोंचींत तेच, विरहिणीच्या मनगटावर तेच, आणि शरीरांतील सूक्ष्म नाडीचें वर्णन करावयाचें झाल्यास योगशास्त्रकारांस उपमा सुचते तीही त्यांचीच. परंतु तोच मोडलेला देठ उलटा धरून त्याच्या तोंडाकडे पाहिलें, तर तंतूंपेक्षांही ठळक अशी दुसरी एक गोष्ट दृष्टीस पडते. देठाच्या आंत कांहीं मोठीं व त्यांच्या सभोंवार कित्येक लहान अशीं भोकें असतात, आणि तीं भोकें म्हणजे देठाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेल्या नळ्याच होत. स्वयंपाकघरांत कमळकाकडी चिरणाऱ्या गृहिणीस ह्या नळ्यांची नक्षी रोजच्या ओळखीची असते. पण कवींनीं तिच्याकडे फारसें लक्ष दिल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं.

तंतु आणि भोंक ह्या दोहोंपैकीं पहिल्याकडे लक्ष जावें व दुसऱ्याकडे जाऊं नये, हा प्रकार केवळ आपल्या कवींच्याच बाबतींत घडला असें मात्र नाहीं. युरोपांत सूक्ष्मदर्शक यंत्र हातीं आल्यावर वनस्पतींच्या अंतरंगाचा जो शोध सुरू झाला, त्यांतही प्रथम तंतूचेंच माहात्म्य वाढलें. इतकेंच नव्हे, तर भोंकाचें काम तंतूच्या नांवावर लिहिलें गेलें. ही चूक कशी झाली, ती किती काळ टिकली, आणि पाण्यांतील वनस्पतींनीं ती सुधारण्यास कसें साहाय्य केलें, हा वृत्तांत मोठा उद्बोधक आहे. तो येथें थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

वृत्तांताचा आरंभ १६६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट हूक ह्याच्या ‘मायक्रोग्राफिया’ ह्या ग्रंथापासून करणें सोयीचें आहे. हूकनें धारदार चाकूनें बुचाच्या लांकडाचा अत्यंत पातळ काप काढला आणि तो आपल्या यंत्राखालीं ठेवला. त्यास मधमाशांच्या पोळ्याप्रमाणें असंख्य कप्पे दिसले, व त्या कप्प्यांस त्यानें जें नांव दिलें त्याचेंच भाषांतर आपण आज ‘पेशी’ ह्या शब्दानें करितों. एक घन इंच बुचांत असे कप्पे १,२५,९७,१२,००० असावेत, असा हिशेबही त्यानें मांडला आहे. हें सर्व पाठ्यपुस्तकांत येतें. पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाहीं तें असें, कीं हूकला हे कप्पे महत्त्वाचे वाटले ते एका निराळ्याच प्रश्नासाठीं. बूच इतकें हलकें कां, तें दाबलें असतां दबतें व सोडतांच पूर्ववत् कां होतें, आणि तें पाण्यावर तरंगूनही पाणी कां पीत नाहीं, हें त्यास जाणून घ्यावयाचें होतें. प्रत्येक कप्प्यांत हवा कोंडलेली आहे, हें त्याचें उत्तर होतें. म्हणजे वनस्पतीची पेशी जगास प्रथम दिसली ती हवेची डबी म्हणून, सजीव द्रव्याचें घर म्हणून नव्हे. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण सव्वादोनशें वर्षांनंतर हा बुचाचा धागा पुन्हा आपल्या हातीं येणार आहे.

पुढचा प्रसंग १६७१ सालच्या डिसेंबर महिन्याच्या ७ तारखेचा. त्या दिवशीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें दोन लेख आले. एक नेहेमाया ग्रू नांवाच्या तरुण इंग्रज वैद्याचें छापील पुस्तक होतें; दुसरें बोलोन्या येथील मार्चेल्लो मालपिगी ह्यानें पाठविलेलें हस्तलिखित होतें. दोघांचाही विषय एकच, वनस्पतींची अंतर्रचना; आणि एकास दुसऱ्याच्या कार्याची वार्ताही नव्हती. शास्त्राच्या इतिहासांत अशा योगायोगांतून पुष्कळदां कडू भांडणें उपजलीं आहेत. येथें तसें झालें नाहीं. सोसायटीनें दोघांसही उत्तेजन दिलें. मालपिगीचा ग्रंथ १६७५ व १६७९ सालीं दोन भागांत तिनेंच प्रसिद्ध केला, आणि ग्रूचा समग्र ग्रंथ १६८२ सालीं ८२ चित्रपटांसह बाहेर पडला. हीं चित्रें आज पाहिलीं तरी त्यांतील हाताचें कसब व डोळ्याचा प्रामाणिकपणा मनांत भरतो. विणलेल्या जाळीदार वस्त्राप्रमाणें वनस्पतींची घडण आहे, ही ग्रूची कल्पना त्या चित्रांवरून सहज पटते.

मालपिगी हा वृत्तीनें व शिक्षणानें प्राण्यांच्या शरीराचा अभ्यासक होता. बेडकाच्या फुफ्फुसांतील केशवाहिन्या त्यानें १६६१ सालीं प्रथम पाहिल्या. रेशमाच्या किड्यावरील त्याचा ग्रंथ १६६९ सालचा. कीटकांच्या अंगांत हवा खेळविणाऱ्या बारीक नळ्या असतात व त्यांच्या भिंतींस मळसूत्राप्रमाणें वळसे असतात, हें त्यानें त्यांत दाखविलें. अशा मनुष्यानें वनस्पतीचा काप यंत्राखालीं ठेवल्यावर त्यास काय दिसलें? तसेच वळसे घेतलेल्या नळ्या! कमळाचा देठ मोडतांना जे तंतू निघतात, ते अशाच नळ्यांच्या भिंतींवरील उलगडलेले वळसे होत, आणि असे वळसे बहुतेक सर्व वनस्पतींच्या कोंवळ्या भागांत असतात. नळ्या कापल्यावर कोरड्या दिसत. आकार कीटकाच्या श्वासनलिकेसारखा, आंत रस दिसत नाहीं, तेव्हां ह्याही श्वासनलिकाच असल्या पाहिजेत, असें अनुमान त्यानें केलें, व त्यांस श्वासनलिकेचेंच नांव दिलें. ग्रूचें मतही ह्या बाबतींत फारसें निराळें नव्हतें. वसंत ऋतूंत त्यांतून रस वाहतो हें त्यानें पाहिलें होतें, तरी एरवीं त्या हवेच्याच नळ्या होत असें तो मानी.

ह्या दोघांस हंसणें सोपें आहे. पण तें न्याय्य होणार नाहीं. जिवंत देठांतील ह्या नळ्यांत पाणी ताणलेल्या अवस्थेंत असतें. सुरीचा घाव बसतांच तें मागें सरतें व त्याच्या जागीं हवा शिरते. म्हणजे पाहण्याची क्रियाच पाहावयाच्या वस्तूस बदलून टाकीत होती. डोळ्यानें जें दिसलें तें त्यांनीं खरें मानलें, आणि दिसलेल्याचा अर्थ लावतांना जवळचें ज्ञान वापरलें. इतिहासाचा अभ्यासकही मोडी कागद वाचतांना ह्याहून वेगळें काय करितो? ओळखीच्या घराण्याचें नांव पुसट अक्षरांत दिसूं लागलें, कीं तेंच वाचण्याकडे मनाचा कल होतो.

स्टीफन हेल्स ह्यानें १७२७ सालच्या आपल्या ग्रंथांत वनस्पति किती पाणी शोषतात व पानांवाटे किती बाहेर टाकतात ह्याचें मापन प्रसिद्ध केलें. सूर्यफुलावरील त्याचे प्रयोग प्रसिद्धच आहेत. तरीही पाणी नेमकें कोणत्या वाटेनें चढतें हा वाद पुढें दीडशें वर्षें चालला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युलिउस झाक्स ह्याच्यासारखा धुरंधर शास्त्रज्ञही पाणी नळ्यांच्या पोकळींतून न जातां त्यांच्या भिंतींत मुरून वर चढतें असें प्रतिपादन करीत होता. नळ्यांच्या पोकळ्या कृत्रिम रीतीनें बंद केल्या तर पाणी चढेनासें होतें, हें प्रयोगानें दाखविलें गेलें तेव्हां हें मत ढासळूं लागलें. पुढें १८९१ सालीं स्ट्रासबुर्गर ह्यानें उंच झाडांस विष पाजून त्यांच्या जिवंत पेशी मारल्या व तरीही पाणी चढतच राहतें हें सिद्ध केलें. मालपिगीची श्वासनलिका ती वस्तुतः जलवाहिनी ठरली. नांव मात्र पुसलें गेलें नाहीं. आजही आमचे विद्यार्थी परीक्षेंत ‘ट्रॅकिया’ व ‘ट्रॅकीड’ हे शब्द लिहितात, आणि त्यांचा मूळ अर्थ श्वासनलिका असा आहे हें सांगितलें म्हणजे चकित होतात.

मग झाडांत हवेची वाट कोणती? ह्याचें उत्तर नळ्यांत नव्हतें; तें पेशी आणि पेशी ह्यांच्या मधल्या फटींत होतें. १८०६ सालीं त्रेविरानुस ह्या जर्मन शास्त्रज्ञानें ह्या फटींकडे लक्ष वेधलें, आणि १८१२ सालीं मोल्डेनहावर ह्यानें पेशी कुजवून एकमेकींपासून सुट्या केल्या व प्रत्येकीस स्वतंत्र भिंत असल्याचें दाखविलें. दोन भिंती असतील तरच त्यांच्यामध्यें फट संभवते. त्यामुळें ह्या दोन शोधांचें नातें उघड आहे. पण जमिनीवरील झाडांत ह्या फटी इतक्या बारीक असतात, कीं त्यांस एखादें कार्य असेल ही कल्पनाही येऊं नये. ती कल्पना बळावली ती पाण्यांतील वनस्पतींमुळें. कारण तेथें हीच फट वाढून दिवाणखान्याएवढी झालेली असते.

आमच्या महाविद्यालयांतील प्रयोगशाळेंत दर वर्षीं हायड्रिलाच्या खोडाचा छेद घेण्याचा पाठ असतो. हायड्रिला म्हणजे शाळेंत चंचुपात्रांत नरसाळ्याखालीं ठेवून जिचे बुडबुडे मोजावयास लावतात, तीच ही तळ्यांतील वनस्पति. ते बुडबुडे मुख्यतः कापलेल्या टोंकांतून कां निघतात, हें शाळेंत कोणी विचारीत नाहीं. छेद पाहिला म्हणजे तें आपोआप कळतें. वस्तऱ्यानें घेतलेला पातळ काप लाल रंगांत बुडवून यंत्राखालीं ठेवला, कीं प्रथम बाहेरची एकपदरी त्वचा दिसते. जमिनीवरील झाडांच्या त्वचेवर मेणासारखा जो जाड थर असतो, तो येथें जवळजवळ नसतोच, आणि हरितद्रव्य थेट त्वचेपर्यंत आलेलें असतें. त्याच्या आंत हवेच्या दालनांचें वर्तुळ असतें. दोन दालनांमधली भिंत केवळ एका पेशीच्या जाडीची. खोडाच्या प्रत्येक पेऱ्याच्या गांठीपाशीं ह्या दालनांस आडवे पडदे असतात. पडद्यांस सूक्ष्म छिद्रें असल्यामुळें हवा पलीकडे जाते, परंतु खोड मोडलें तरी पाणी सहजासहजीं पुढें घुसत नाहीं. आगबोटीच्या तळाशीं निरनिराळे बंद कप्पे करितात, त्यांतील हेतूही हाच.

छेदाच्या मध्यभागीं तर विद्यार्थी हमखास अडखळतात. सूर्यफुलाच्या खोडांत जलवाहिन्यांचे जुडगे परिघाजवळ वर्तुळांत मांडलेले त्यांनीं पाहिलेले असतात, व रंग दिल्यावर ते लालभडक उठून दिसतात. येथें सर्व वाहिन्या मधोमध एका बारीक दोरींत गोळा झालेल्या असतात, आणि त्या दोरीच्या गाभ्यांत, जेथें जलवाहिन्या असावयाच्या, तेथें एक रिकामें भोंक असतें. “सर, माझा काप फाटला,” असें दर वर्षीं कोणीतरी सांगतो. काप फाटलेला नसतो.

ह्या मांडणीचें कारण यांत्रिक आहे. श्वेन्डेनर ह्यानें १८७४ सालीं वनस्पतींच्या घडणीस स्थापत्याचे नियम लावून दाखविले. वाऱ्यानें वाकणाऱ्या उभ्या खोडास बळकटी हवी ती परिघाजवळ, जशी लोखंडी तुळईची असते. पाण्याच्या प्रवाहांत ओढल्या जाणाऱ्या खोडास हवी ती मध्यांत, जशी दोरखंडाची असते. वजन पेलण्याचें काम पाणी करितें, म्हणून काष्ठ नको. सर्वांगानें पाणी शोषतां येतें, म्हणून जलवाहिन्यांचीही गरज थोडी. टंचाई असते ती प्राणवायूची. पाण्यांतून तो पसरण्याचा वेग हवेंतील वेगाच्या सुमारें दहा हजारावा भाग असतो, आणि तळाच्या चिखलांत तर तो मुळींच नसतो. म्हणून आंतील सारी जागा हवेस दिलेली असते.

ह्या ऊतकास आज जें नांव रूढ आहे तें, म्हणजे एरेंकायमा, अर्थात् वायूतक, हाइनरिख शेन्क ह्यानें १८८९ सालीं दिलें. दलदलींत वाढणाऱ्या जुसियासारख्या वनस्पतींत सालीच्या ज्या थरांतून बूच तयार व्हावयाचें, त्याच थरांतून हवेच्या पोकळ्यांनीं भरलेलें मऊ स्पंजासारखें ऊतक निर्माण होतें, असें त्यास आढळलें, व हें ऊतक बुचाचाच एक अवतार आहे असें त्यानें आपल्या निबंधाच्या मथळ्यांतच म्हटलें. हूकचा धागा येथें पुन्हा हातीं येतो. फरक एवढाच, कीं बुचांत हवा पेशींच्या आंत कोंडलेली असते आणि वायूतकांत ती पेशींच्या मधून खेळती असते. पुढें ह्या नांवाचा अर्थ विस्तारला, व कोणत्याही रीतीनें झालेल्या हवाई पोकळ्यांस तें लावूं लागले.

परंतु ह्या दालनांतील हवा नुसती साठून असते कीं वाहते? ह्या प्रश्नाचा उलगडा करण्याचा मान आपल्या कमळाकडे जातो. नेपोलियनबरोबर १७९८ सालीं मिसर देशांत गेलेला वनस्पतिशास्त्रज्ञ राफनो-दलील हा पुढें मोंपेलिए येथील उद्यानाचा प्रमुख झाला. कमळाच्या पानाच्या मध्यावर पाणी ठेवलें असतां त्यांतून हवेचे बुडबुडे निघतात, हें त्यानें १८४१ सालीं प्रसिद्ध केलें. जिवंत पानांतून हवा आपोआप बाहेर पडते ही गोष्ट पुष्कळांस चमत्कारिक वाटली, व तिच्यावर वादही झाला. १९१० सालीं ओनो नांवाच्या जपानी शास्त्रज्ञानें कमळाच्या पानांवर पुन्हा प्रयोग केले. शेवटीं १९८० सालीं अमेरिकेंत डेसी ह्यानें पिवळ्या कुमुदिनीवर केलेल्या संशोधनानें सर्व चित्र स्पष्ट झालें. उन्हानें तापलेल्या कोंवळ्या पानांत, अतिसूक्ष्म छिद्रांवाटे, बाहेरची हवा दाबानें आंत ओढली जाते. देठांतील नळ्यांवाटे ती चिखलांतील कंदापर्यंत उतरते, आणि जुन्या पानांच्या देठांवाटे वर चढून बाहेर पडते. एका पानांतून दिवसाला २२ लिटरपर्यंत हवा आंत जाते, व देठांतून तिचा वेग मिनिटास ५० सेंटिमीटरपर्यंत असतो, असें त्याच्या मापनांत आढळलें. ज्यास आपण पोकळी म्हणत होतों, तो वाहता वारा निघाला. कमळांतही असाच प्रवाह चालतो. त्याच्या पानाच्या मध्यावर मोठीं रंध्रें आहेत, आणि राफनो-दलीलनें पाहिलेले बुडबुडे त्यांतलेच.

येथें एका विदुषीचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. अ‍ॅग्नेस आर्बर (१८७९–१९६०) हिनें १९२० सालीं जलवनस्पतींवर जो ग्रंथ लिहिला तो ह्या विषयांत आजही आधारभूत आहे. केंब्रिजमधील ज्या प्रयोगशाळेंत ती काम करी, ती १९२७ सालीं बंद झाली. त्यानंतर तिनें आपल्या घरांतील एका खोलींतच सूक्ष्मदर्शक मांडून संशोधन चालू ठेविलें. ग्रू आणि मालपिगी ह्यांची तुलना करणारा तिचा निबंध १९४२ सालचा आहे. ज्या रॉयल सोसायटीनें त्या दोघांस आश्रय दिला, तिनें स्त्रियांस सभासद करून घेण्यास १९४५ साल उजाडूं दिलें, आणि आर्बरला तो मान १९४६ सालीं मिळाला. सपुष्प जलवनस्पति ह्या मूळच्या पाण्यांतल्या नव्हेत, जमिनीवरील पूर्वजांपासून पाण्यांत परत गेलेल्या आहेत, हा विचार तिच्या ग्रंथाच्या मुळाशीं आहे. हायड्रिलाच्या गाभ्यांतील तें रिकामें भोंक ह्या दृष्टीनें पाहिलें, म्हणजे तें त्या प्रवासाचें दप्तर ठरतें. कोंवळ्या शेंड्याशीं तेथें जलवाहिनीच्या पेशी निर्माण होऊं लागतात. खोड वाढतें तशा त्या ताणून फाटतात व जागा उरते. वंशांत एके काळीं काय होतें, ह्याची खूण वाढींत क्षणभर दिसून नाहींशी होते.

आणि ह्या दप्तरानेंही आपणांस एकदां फसविलेंच. कमळ आणि कुमुदिनी ह्यांचे देठ, पानें, नळ्या ह्यांत इतकें साम्य, कीं वनस्पतिशास्त्रज्ञ दीर्घकाळ त्यांस एकाच कुळांतील मानीत आले. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आनुवंशिक द्रव्याची तुलना होऊं लागली, तेव्हां कमळाचे जवळचे आप्त निघाले ते काश्मीरांतील चिनाराच्या जातीचे वृक्ष. कुमुदिनीचा वंश त्यापासून फार पूर्वींच वेगळा झालेला. दोघींनीं आपापल्या वाटेनें पाण्यांत उतरून, सारख्याच गरजेपोटीं, सारख्याच पोकळ्या घडविल्या. मालपिगी कीटक आणि वृक्ष ह्यांच्या साम्यानें चकला. त्याच्या चुकीवर हंसणारे आपण कमळ आणि कुमुदिनी ह्यांच्या साम्यानें चकलों. मात्र हेंही विसरूं नये, कीं साम्याचा आधार घेतल्यावांचून मालपिगीस एक पाऊलही टाकतां आलें नसतें. शास्त्रांत उपमेस मज्जाव करून चालत नाहीं. तिची फेरतपासणी मात्र पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि ती करण्यास कधीं कधीं दोनशें वर्षें लागतात.

हा विषय केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा आहे असें कोणीं समजूं नये. कोंकणांत आषाढांत भाताचीं खाचरें पाण्यानें भरलेलीं असतात. त्या चिखलांत ज्वारीचें रोप उभें केलें तर तें थोड्याच दिवसांत पिवळें पडेल. भात तेथें तरारतो, कारण त्याच्या मुळांतील कांहीं पेशी ठरल्या वेळीं मरून हवेस वाट करून देतात. पुण्याच्या नद्यांवर पसरलेली जलपर्णी आपणांस आवरत नाहीं, त्याचें एक कारण तिच्या फुगलेल्या देठांतील हीच हवा. आपलें अन्न आणि आपला उपद्रव, दोन्ही ह्या पोकळीवर तरलेले आहेत.

हें सर्व पाहण्यास फार मोठें साहित्य लागतें असेंही नाहीं. एक वस्तरा, तळ्यांतील एक काडी, आणि कोणत्याही शाळेंत असतें तसें साधें सूक्ष्मदर्शक यंत्र एवढें पुरे. यंदाच्या वर्गांतही एका मुलीनें मला काप फाटल्याचें सांगितलें. मीं तिला दुसरा काप घ्यावयास सांगितलें, मग तिसरा. तिसऱ्या कापांतही मधलें भोंक तसेंच होतें. तेव्हां ती कांहीं बोलली नाहीं. तिनें वहींत भोंकाचें चित्र काढलें, आणि त्यास काय नांव द्यावें असें मला विचारलें.